काठोकाठ वाडगा

आमच्या मिर्झानं दारू सोडली तेव्हा सगळा गाव खूश झाला. त्या खुशीपायीच त्याचा जीव जायची वेळ आली.

मिर्झा त्याचं खरं नाव नाही. खरं नाव मी घेणार नाही. सासरच्या पुरुषांचं नाव सुनेनं तोंडातून काढायचं नाही, ही आमच्याकडची रीत. मग ज्याला जे शोभेल ते नाव आपणच ठेवायचं. मी लग्न होऊन आले तेव्हा हा माझा धाकटा दीर शेंबडं पोर होता, तरी घोड्यावर असा ऐटीत बसायचा की मी म्हटलं, आले बघा मिर्झासाहेब! तेच चिकटलं. आता तो चांगला बाप्या झालाय, बुरमासारखी गुणाची बायको आहे, पण माझ्यासाठी मिर्झाच.

गावच्या सगळ्या मेंढ्या उन्हाळ्यात जाइलोवर, म्हणजे डोंगरावरच्या कुरणात न्यायचं काम आमच्या घराकडं. आधी सासरे न्यायचे, मग माझा नवरा, तो गेल्यावर मिर्झा. गेल्या पानगळीत खाली उतरताना हा घोड्यावरच झोपला. दारू पिऊन. मेंढ्या धुक्यात भरकटल्या, काही लांडग्यांनी नेल्या. गाव हिवाळाभर गप्प बसला. बर्फ वितळलं, कोकरं झाली आणि सागिन आजोबांनी बैठक बोलावली.

सागिन आजोबा म्हणजे गावातली सगळ्यात लांब पांढरी दाढी. त्यांनी शब्द टाकला की ती दगडावरची रेघ. त्यांनी मधोमध चादर अंथरली, तिच्यावर शपथेसाठी नान ठेवला आणि मिर्झाला म्हणाले, "पोरा, कळप तुझ्याकडं ठेवायचा तर नानावर हात ठेव. आजपासून थेंब नाही. आणि नसेल जमत तर तसं सांग, आम्ही दुसरा मेंढपाळ बघतो."

मिर्झानं नानावर हात ठेवला. तेव्हाही हात थरथरत होता, पण सगळ्यांना वाटलं, भावना दाटून आल्यात. "आजपासून थेंब नाही," तो म्हणाला. घरी येऊन त्यानं गोठ्यातली, खोगिराखालची, पिठाच्या पोत्यामागची अशा सगळ्या बाटल्या काढल्या आणि ओढ्यात ओतल्या. बुरमा दारात उभी राहून रडत होती, हसत होती. मला पण वाटलं, सुटलो बाई एकदाचे.

 सासूबाई मात्र चुलीपाशी बसून लेकाच्या हातांकडं बघत होत्या.

त्याला गावातल्या दुकानापासून लांब ठेवायचं म्हणून आम्ही सगळे गावावरच्या उतारावर, आमच्या मेंढ्यांच्या झोपडीवर गेलो. तिथं लोकर कातरायची होतीच. गावची बरीच माणसं आपापल्या कात्र्या घेऊन आलेली. कातरणीत मिर्झाचा हात कुणी धरू शकत नाही. मेंढी अशी गुडघ्यात धरतो की ती बिचारी गुंगून जाते, आणि लोकर अख्खी एका घडीत निघते. त्या दिवशी मात्र कात्री हातात नाचत होती. पहिल्याच मेंढीच्या पोटाला चीर पडली.

"मिर्झा, लोकर काढायची रे, कातडं राहू दे तिला!" कुणीतरी ओरडलं. सगळे हसले. तोही हसला. पण त्याच्या सदऱ्याची पाठ घामानं चिकटली होती, आणि वारा तर बर्फावरून येत होता.

चहाला बसलो तर पेला ओठापर्यंत जाईना. निम्मा चहा मांडीवर. आमच्याकडं पेला कधी भरून देत नाहीत. थोडाथोडा ओततात, म्हणजे पाहुण्यानं पुन्हापुन्हा मागावा, बसावं. काठोकाठ भरून दिला तर त्याचा अर्थ, पी आणि चालू लाग. बुरमानं त्याला तळाशी घोटभरच ओतायला सुरुवात केली. लोकांना वाटलं, काय मान ठेवते नवऱ्याचा! मान कसला, बिचारी सांडलवण झाकत होती.

"वहिनी," मला तो हळूच म्हणाला, "माझ्या आतड्यात कुणीतरी लोकर पिंजतंय असं वाटतंय."

"सहन कर," मी म्हटलं. "दारू निघून चाललीय. जाताना लाथ मारणारच." मोठी शहाणी मी! आपल्याला काय ठाऊक असतं, आणि आपण किती ठसक्यात बोलतो.

त्याला झोप नव्हती. सासूबाई त्याच्या अंथरुणाशी जाऊन बसायच्या, डोक्यावरून हात फिरवायच्या, कपात काहीतरी द्यायच्या. पुदिन्यासारखा वास यायचा. मला वाटलं, काढा असेल.

मग एका सकाळी तो मेंढ्यांच्या मोकळ्या वाड्यात उभा राहून कोकरांना हाका मारायला लागला. "हुर्र, हुर्र, इकडं! अगं बुरमा, फाटक लाव, ती पांढरी सगळी बाहेर चाललीत." वाड्यात एकही कोकरू नव्हतं. सगळी माळावर होती. बुरमानं माझा दंड धरला. 

"मिर्झा," मी म्हटलं, "अरे, कुठं आहेत कोकरं?"

त्यानं माझ्याकडं वळून बघितलं आणि ओळखलंच नाही. मग मान एका बाजूला वळली, डोळे पांढरे झाले आणि तो लाकडासारखा आडवा पडला. हातपाय झाडायला लागला. तोंडाला फेस. मी धावले. पहिलं काय सुचलं, तर चमचा! दातखीळ बसली की दातांत चमचा घालायचा, असं आम्ही लहानपणापासून बघितलेलं.

झोपडीमागच्या टेकाडावर तेवढा फोनला आवाज येतो. बुरमा तिकडं पळाली आणि गावच्या दवाखान्यातल्या नर्सबाईशी बोलत वरूनच ओरडायला लागली, "अक्का! तोंडात काही घालू नका! चमचा नको! कुशीवर वळवा! दाबून धरू नका! डोक्याखाली मऊ काहीतरी द्या!"

मी चमचा फेकला. लोकरीचा गठ्ठा त्याच्या डोक्याखाली सरकवला, झटके जरा कमी झाल्यावर त्याला कुशीवर वळवलं, आणि त्याच्या कानाशी तोंड नेऊन त्याच्या नावानं हाका मारल्या. खऱ्या नावानं. पंचवीस-तीस वर्षांत जे ओठांवर आलं नव्हतं ते किंचाळून घेतलं, परत परत. सासूबाई तिथंच गुडघे टेकून बसल्या होत्या. त्यांनी ऐकलं.

झटके थांबले. श्वास घोरल्यासारखा चालू झाला. कातरणीला आलेल्या सागिन आजोबांनी आपला जुना ट्रक मागं घेतला, आम्ही लोकरीवर त्याला झोपवलं आणि तालुक्याच्या हॉस्पिटलात निघालो.  खड्डा आला की आजोबा "या अल्ला" म्हणायचे आणि गाडी हळू करायचे.

हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, केस आखूड, आवाज खणखणीत. मिर्झाला आत घेतलं, सुई टोचली, सलाईन लावलं. मग बाहेर येऊन विचारलं, "पेशंटचं नाव?"

मी बुरमाकडं बघितलं. बुरमानं माझ्याकडं. ती नवऱ्याचं नाव घेत नाही, मी दिराचं.

"अहो, नाव नाही का त्याला?"

शेवटी आजोबांनी सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला, पण हसल्या. मग गंभीर झाल्या. "रोज पिणारा माणूस. एकाएकी बंद कुणी केली?"

आजोबांनी डोक्यावरची नमद्याची, दाबलेल्या लोकरीची, पांढरी टोपी काढली. आमच्याकडं पुरुष ती सहसा काढत नाहीत. "मी," ते म्हणाले. "नानावर हात ठेवायला लावला मी."

"सोडली ते चांगलंच केलं आजोबा. पण एवढी वर्षं रोज पिणाऱ्यानं घरच्या घरी अशी एका दिवसात तोडायची नसते. अंगाला तिची सवय झालेली असते. एकदम काढली की मेंदू पेटतो. झटके येतात, नाही ते दिसतं. माणूस दगावतोसुद्धा. आधी आमच्याकडं आणला असता तर औषधाच्या आधारानं, नजरेखाली, बेतानं उतरवला असता."

 माझा नवरा, मिर्झाचा थोरला भाऊ, त्यानंही सोडली होती. वर जाइलोवर नेला होता आम्ही, दुकानापासून लांब. तिथंच वाड्यात पडला आणि उठला नाही. काळीज बंद पडलं, असं सगळे म्हणाले. मी पण तेच म्हणत आले.

"डॉक्टरीणबाई," मी विचारलं, "माझ्या मालकांचं पण असंच..."

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "न बघितलेल्या माणसाचं मी कसं सांगू, ताई? पण हा अजून जिवंत आहे. याचं बघू. खरं सांगा, दारूशिवाय आणखी काही घेतो का? झोपेच्या गोळ्या? गुंगीचं काही?"

"नाही," बुरमा म्हणाली.

सासूबाई बाकावर बसून ओढणीचं टोक पिळत होत्या. तेव्हा मला तो पुदिन्याचा वास आठवला. त्यांच्या झग्याच्या खिशाला कायम येतो तो वास. मी त्यांच्यापाशी जाऊन खाली बसले. "आत्याबाई, सांगा. आता नाही सांगितलं तर कधी सांगणार?"

"मी वाईट काही दिलं नाही," म्हातारी पुटपुटली.

"वाईट कोण म्हणतंय? आई आहात तुम्ही."

त्यांनी खिशातून छोटी बाटली काढली. काळजाचे थेंब. गावातल्या प्रत्येक म्हातारीच्या उशाशी असतात तेच. "थोरला गेल्यापासून मला याशिवाय झोप नाही," त्या डॉक्टरीणबाईंना म्हणाल्या. "याला पण झोप नसायची. दारू कमी पडली त्या रात्री मी याला थोडे द्यायचे. पुष्कळ दिवसांपासून देतेय. आता शपथ घेतल्यावर जास्त दिले. एक पोरगा असाच तडफडून गेला हो माझा. दुसरा मी कसा बघू?"

मला वाटलं, आता डॉक्टरीणबाई म्हातारीला फाडून खाणार. त्यांनी बाटली हातात घेतली, उजेडात धरली. "आजी, फार बरं झालं सांगितलंत. हे कळलं नसतं तर माझं औषध चुकलं असतं. यात झोपेचं औषध असतं. दारूचंच भावंड समजा. दोन्ही एकत्र घेतली तर श्वास मंदावतो, आणि एकदम तोडली तर झटके. दोन्हीतून हळूहळूच उतरावं लागतं."

"मग मी आत्ता फेकते हे!" सासूबाई ताडकन उठल्या. बाटली हिसकावून घेतली आणि खिडकीकडं निघाल्या.

"अहो आजी, नको!" डॉक्टरीणबाई धावल्या. "तुम्हीपण एवढी वर्षं घेताय ना? मग तुम्हालापण असं एकदम सोडता येणार नाही. तुम्हाला मी कसं कमी करायचं ते सांगते. तोवर खिशात ठेवा, आणि कुणालाही देऊ नका."

बुरमाला हसू फुटलं. रडता रडता. घरात एक दारुडा होता, आता दोन पेशंट झाले, त्यातली एक माझी सासू!

मिर्झा शुद्धीवर आला तो घाबरलेला, पोरासारखा. भिंतीवर मुंग्या दिसतात म्हणायचा, मग स्वतःच म्हणायचा, नसतील. औषध दिलं की शांत झोपायचा. ताकदीची इंजेक्शनं दिली, पाणी दिलं, नर्सा सारख्या नाडी बघून जायच्या. हळूहळू डोळ्यांत तो परत आला. आणि परत आल्याबरोबर आडमुठेपणा सुरू.

"ही गोळी कसली?" त्यानं विचारलं.

"अंग शांत करायची. रोज थोडी कमी करत जाणार," नर्स म्हणाली.

"म्हणजे गुंगीचीच ना? नको. मी नानावर हात ठेवलाय." त्यानं तोंड भिंतीकडं केलं. "दारू सोडून गोळीवर आला, असं लोक म्हणतील. शपथ मोडलेल्याला कोण कळप देणार?"

नर्सनं समजावलं, बुरमानं हात जोडले. भिंतीशी बोलल्यासारखं. मग मी पदर खोचला. पदर म्हणजे आमचा आपला कमरेचा रुमाल. स्टूल ओढून बसले.

"मिर्झासाहेब, एक सांगा. शर्यतीतून घोडा आला. घामानं निथळतोय. काय करता?"

"वहिनी, आत्ता घोडे कशाला?"

"विचारते ते सांग. खुंट्याला बांधतोस? गार पाणी पाजतोस?"

"येड लागलंय का? मरेल तो," मिर्झा भिंतीकडं तोंड ठेवूनच म्हणाला. "अंगावर झूल टाकायची. लगाम धरून सावकाश फिरवायचा. श्वास खाली येईतो फिरवायचा. मग बांधायचा. पाणी सगळ्यात शेवटी." बोलता बोलता त्याचा आवाज बारीक झाला.

"मग? तुला आम्ही धावत्या पायांनी खुंट्याला बांधला, गाढवांनी. आता या बाई लगाम धरून फिरवतायत तर तू लाथा झाडतोस?"

तो मग वळला. "वहिनी, वाड्यात तुम्ही माझं नाव घेतलंत?"

"मी? छे! तुला भास होत होते."

तो हसला. ओठ फुटलेले होते, तरी हसला, आणि नर्सपुढं तोंड उघडलं.

आता कळपाचं. वर जायचा दिवस जवळ आला आणि डॉक्टरीणबाईंनी ठाम सांगितलं, इतक्यात डोंगर नाही. गोळ्या पूर्ण उतरेपर्यंत दवाखान्याच्या जवळ राहायचं, दाखवायला यायचं. मिर्झाचं तोंड उतरलं. गावात कुजबूज सुरू झाली की दुसरा मेंढपाळ बघा. मी उठले आणि सरळ सागिन आजोबांच्या अंगणात गेले. बैठक बसलेलीच होती.

"कळप न्यायचं काम आमच्या घराचं आहे," मी म्हटलं. "मी आणि बुरमा नेतो. तो बरा झाला की वर येईल."

"बायका कळप नेणार?" एकजण म्हणाला.

"मेंढ्यांना विचारा, त्यांची हरकत आहे का. रोज दूध कोण काढतं त्यांचं? प्रसूतीला रात्र कोण जागवतं? तुम्ही तर नुसते मोजायला येता."

एकदोघं हसले. मग सगळे आजोबांकडं बघायला लागले. आजोबा दाढी कुरवाळत होते. "त्या पोराला मी शपथ घालून मारत होतो," ते म्हणाले. "गोळी घेतो म्हणून त्याची शपथ मोडत नाही. औषध घेणं वेगळं. जा सूनबाई, न्या कळप. सामानाला ट्रक मी देतो."

गेलो आम्ही. पायाचे तळवे सोलले, पाऊस लागला, एक मेंढी नदीत गेली ती बुरमानं कमरेएवढ्या पाण्यात उतरून काढली. लोकरीचा ओला वास आमच्या केसांना लागला तो गेलाच नाही. पण कळप पोचवला, सगळा पोचवला. तंबू उभा केला. मिर्झाशिवाय तंबूच्या माथ्याचं गोल लाकडी कडं चढवताना आम्ही इतक्या शिव्या दिल्या की ऐकायला कुणी नव्हतं ते बरं.

खाली मायलेक दोघं राहिले. बुरमाच्या भावानं निरोप आणला, की दोघं एकमेकांवर पहारा करतात. म्हातारी विचारते, गोळी घेतलीस का? लेक विचारतो, आई, आज थेंब जास्त नाही ना टाकलेस? रात्री झोप आली नाही की दोघंही उठून चहा करतात आणि थोरल्याच्या गोष्टी काढतात. इतक्या वर्षांत त्या घरात थोरल्याचं नाव कुणी काढलं नव्हतं. मी हे ऐकलं आणि तंबूमागं जाऊन पोटभर रडले.

डॉक्टरीणबाईंनी मोकळं केलं तेव्हा वर फुलं फुलली होती आणि घोड्या दुभत्या झाल्या होत्या. मिर्झा घोड्यावर आला, पाठीमागं आई. बारीक झाला होता, गाल बसलेले, पण ऐट तीच. "काय मिर्झासाहेब," मी म्हटलं, "आयत्या तंबूत आलात!" तो उतरला आणि न बोलता माझ्या दोन्ही हातांवर त्यानं कपाळ टेकलं. तसं आमच्याकडं दीर करत नाहीत. मी हात सोडवून त्याच्या घोड्याचा लगाम धरला. 

दुसऱ्या दिवशी पहिल्या कुमिसाचं आमंत्रण आमच्याकडं. घोडीचं दूध चामड्याच्या पिशवीत आंबवून घुसळून कुमिस करायचं, आणि त्या वर्षीचा पहिला वाडगा शेजाऱ्यापाजाऱ्यांनी एकत्र प्यायचा, ही वाडवडिलांची चाल. त्या वाडग्याला नाही म्हणणं म्हणजे यजमानाला नाही म्हणणं. आणि डॉक्टरीणबाईंनी बजावलेलं, कुमिससुद्धा नाही. आंबवलेलं ते आंबवलेलंच.

तंबू भरला. खालून सागिन आजोबा पण आले होते. रीत अशी, की घरच्या कर्त्यानं आधी प्यायचं. आजोबांनी आशीर्वाद दिला आणि पहिला वाडगा सवयीनंच मिर्झाच्या हातात दिला. मग त्यांच्या लक्षात आलं बहुतेक, कारण त्यांचा हात हवेतच राहिला.  मिर्झानं वाडग्याकडं बघितलं. तो आंबट वास माझ्या नाकापर्यंत येत होता.  मी उठणारच होते, काहीतरी फटकळ बोलून वाडगा ओढून घ्यायला.

त्यानं स्वतःच वाडगा खाली ठेवला. "आजोबा, हे मला नाही चालत," तो म्हणाला. कान लाल झाले होते.

तेवढ्यात दाराचा नमदा बाजूला झाला आणि सासूबाई आत आल्या. हातात दुसरा वाडगा. "सरका," त्या म्हणाल्या. "हे आपल्या काळ्या घोडीचं. आत्ताच काढलंय, अजून गरम आहे, आंबलेलं नाही. आम्ही हे लेकरांना देतो." मग सगळ्यांकडं रोखून बघत म्हणाल्या, "माझं लेकरू नव्यानं जन्माला आलंय. कुणाला काही म्हणायचंय?"

 आजोबांनी खाली ठेवलेला वाडगा स्वतःकडं ओढला. "आम्ही म्हातारे हे पितो. तू ते पी," ते म्हणाले.

सासूबाईंनी दुधाचा वाडगा लेकापुढं धरला. मी बघितलं. वाडगा काठोकाठ भरलेला. इतका, की दुधाचा फेस काठावर थरथरत होता. पाहुण्याला असा देत नाहीत, घरच्याला तर नाहीच. म्हातारीला रीत माहीत नव्हती असं नाही. ती त्याच्या तोंडाकडं बघतच नव्हती. त्याच्या हातांकडं बघत होती, त्या पहिल्या दिवशी चुलीपाशी बघत होती तशी.

मिर्झानं आईकडं बघितलं. त्याला कळलं. त्यानं दोन्ही हातांनी वाडगा घेतला, सावकाश वर उचलला, ओठांना लावला. तंबूत फक्त घोट गिळल्याचा आवाज येत होता. वाडगा रिकामा करून त्यानं तो चादरीवर पालथा घातला आणि बाहीनं मिशा पुसल्या.

सासूबाई वाकल्या. चादरीवरून, त्याच्या गुडघ्यावरून, बाहीवरून हात फिरवला. सगळं कोरडं होतं.

"अजून आणते," त्या म्हणाल्या, आणि बाहेर घोडीकडं गेल्या.